पाषाणांत राहिलेलीं रानें

वेरूळचें कैलास लेणें पाहून परतणारा प्रवासी शिल्पकारांचें कौतुक करतो. ज्या कातळांत तें कोरलें, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, त्याच्या भोंवतालचा हा काळा कातळ म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहून थिजलेला लाव्हारस होय. अशा आगींत झाडाचें पान टिकावें कसें? परंतु लाव्हारस सतत वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्यें दीर्घ विसांवा पडे. खडकाची माती होई, सखल जागीं तळीं सांचत आणि रान माजे. पुढचा लोट येऊन तें सारें गाडून टाकी. पाण्यांत विरघळलेली सिलिका झाडांच्या पेशींत झिरपली, आणि लाकडें, फळें, बिया अश्मीभूत झाल्या.

ही संपत्ति विशेषतः पूर्वेकडे सांपडते. नागपूरच्या परिसरांतील असे अवशेष हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांनीं गेल्याच्या आधींच्या शतकांतच गोळा केले होते. पण खरें नवल छिंदवाडा जिल्ह्यांतील मोहगांव कलां येथलें. तेथें निपा या ताडाच्या कुळांतील झाडाचें फळ मिळालें. निपा वाढतें तें भरती-ओहोटीच्या चिखलांत. आज तें सुंदरबनांत दिसतें. मोहगांवाहून समुद्र आज शेंकडों मैल दूर! फळ पाण्यावर तरंगत लांब जातें, हें खरें. पण समुद्राकडून आंत येण्यास खाऱ्या पाण्याची वाट तर हवी. त्याच प्रदेशांत संथ गोड्या पाण्यावर तरंगणारें ॲझोलाही सांपडलें, आणि ताडांचीं खोडें तर विपुल. ताडांना कडक हिंव सोसत नाहीं. तेव्हां हवा उबदार व दमट होती, हें उघड आहे. मात्र आजच्या विदर्भाशीं तिची तुलना बेतानेंच करावी, कारण त्या काळीं हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता.

या वनस्पतींचे थोर अभ्यासक बिरबल साहनी यांनीं त्यांच्याच आधारें लाव्हारसाचा काळ अर्वाचीन, म्हणजे तृतीयक युगाचा ठरविला होता. पुढें किरणोत्सर्गी मापनानें तो क्रेटेशस युगाच्या अखेरीपासून पुढच्या युगाच्या आरंभापर्यंत, अगदीं सीमेवर आणून ठेवला. लखनौच्या वनस्पति-जीवाश्म संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजीं बसविण्यांत आली. आठवड्याच्या आंत साहनी निवर्तले. त्या शिलेंत देशोदेशींचे अश्मीभूत अवशेष जडविलेले आहेत.