उदास मन, आनापान आणि औषध

(विहारातील वर्षावास कार्यक्रमात केलेले भाषण)



बोलणारी एक असली तरी हकिकत आम्हा दोघा नवरा-बायकोची आहे, म्हणून 'आम्ही' असेच म्हणावे लागेल. ह्यांची परवानगी घेतली आहे. ते मागे खांबाजवळ बसलेत.

ह्यांची नोकरी संपली त्या वर्षी घरात आजार शिरला. ताप नाही, खोकला नाही. पहाटे तीनला जाग यायची, मग छताकडे बघत पडून राहायचं. जेवणाची चव गेली. दाढी करायलाही उठवेना. नातवानं हाक मारली तरी ओ देईनात. कुणी आळस म्हटलं, कुणी करणी. आम्हीही चार महिने लपवलं, ही आमची चूक. शेवटी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला गेलो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, डिप्रेशन. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, असंही सांगितलं.

त्याच सुमारास विहारातल्या आनापानाला यायला लागलो. श्वास येतो, जातो, तेवढंच पाहायचं. मन पळालं तर रागवायचं नाही, परत आणायचं. ह्यांना झोप लागू लागली. तेव्हा एक परिचित म्हणाले, "ध्यान करता ना, मग गोळ्या कशाला?" आम्हाला ते पटलं, खोटं कशाला सांगा! धम्मावरची श्रद्धाच वाटली ती. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या.

महिनाभरात सगळं परत आलं, जास्त जोरानं. डोळे मिटले की श्वास राहायचा बाजूला. आपण घरावर ओझं झालो, हाच विचार फिरत राही. एका रात्री हे म्हणाले, "मला एकटं सोडू नकोस." रात्र जागून काढली आणि सकाळी दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावले नाहीत. ध्यान सोडू नका म्हणाले, पण मन इतकं खचलेलं असताना तासभर डोळे मिटून बसू नका. पाचच मिनिटं बसा, डोळे उघडे ठेवा, नाहीतर चाला. म्हणजे आपलं चंक्रमणच की! बोधगयेला महाबोधी विहाराशेजारी तथागतांच्या चंक्रमणाची जागा आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाहिली आहे.

पुढे वाचनात आलं की सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली सजगतेवर आधारलेल्या ८ आठवड्यांच्या उपचाराचं पुस्तक काढलं. ज्यांना डिप्रेशन वारंवार येतं त्यांना ते पुन्हा येऊ नये, यासाठी मुख्यतः तो उपचार तयार झाला. बरं असताना शिकून ठेवायची गोष्ट ती. आम्ही तहान लागल्यावर विहीर खणत होतो.

इगतपुरीला धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचंही मनात होतं. तिथल्या फॉर्मवर मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतात. ते लपवू नका. डॉक्टर आम्हाला म्हणाले, अजून थांबा. आम्ही थांबलो. तथागत आजारी पडले तेव्हा त्यांनी जीवकाचं औषध घेतलं. मग आपण कोण मोठे लागून गेलो?

रात्री-बेरात्री जीव नकोसा वाटला तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे. सरकारने तो २०२२ साली सुरू केला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ह्यांच्या गोळ्या चालू आहेत. सकाळची वंदना झाली की तांब्याभर पाणी आणि गोळी. वाईट दिवस अजूनही येतो. त्या दिवशी बसत नाही, विहाराच्या अंगणात पिंपळाभोवती नुसतं चालतो, दोघंही. संध्याकाळी सहाला असतो आम्ही तिथं. कुणाला यायचं असेल तर या, बोललंच पाहिजे असं नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.