चव्हाट्यावरची कला आणि संग्राहकाचे कपाट

कोणत्याही शहरातील भिंत ही मोठी उदार वस्तू असते. तिच्यावर काढलेले चित्र पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. हमाल आणि हिशेबनीस, शाळकरी पोर आणि न्यायाधीश, सारेच तिच्यासमोरून जातात आणि जाता जाता आपापल्या कुवतीप्रमाणे ते चित्र पाहतात. परंतु हे औदार्य अल्पायुषी असते. पावसाने रंग उतरतो, घरमालक चुना फासतो आणि चित्र नाहीसे होते. अशी चव्हाट्यावर जन्मलेली कला आज छोट्या, हाताने रंगविलेल्या शिल्पांच्या रूपाने, मोजक्या प्रतींत, संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसली आहे. ह्या स्थित्यंतरात कलेने काय मिळविले आणि काय गमावले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटविलेला असे. १९८० पासून कीथ हॅरिंग नावाचा तरुण चित्रकार त्या कागदावर पांढऱ्या खडूने रांगणारी बाळे, भुंकणारे कुत्रे आणि नाचणाऱ्या आकृती काढू लागला. त्यासाठी पोलिसांनी त्याला अनेकदा पकडले. पुढे त्याची कीर्ती वाढली, तेव्हा लोक ते कागदच उचकटून नेऊ लागले. चित्रावरील प्रेम आणि चित्राचा लोभ ह्यांतील अंतर किती थोडे असते, हे तेथेच दिसून आले. १९८६ साली त्याने लाफायेट रस्त्यावर ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान उघडले. सामान्य माणसालाही आपली एखादी वस्तू घरी नेता यावी, हा त्याचा हेतू होता. कलाजगतातील काहींनी नाके मुरडली. हॅरिंग १९९० साली, अवघा एकतीस वर्षांचा असताना निवर्तला. दुकान मात्र २००५ पर्यंत चालले.

दुसरा मार्ग ब्रायन डॉनेली ह्याचा. ‘कॉज’ ह्या सहीने तो बसथांब्यांवरील जाहिराती काढून नेई, त्यांवर आपली आकृती रंगवी आणि त्या पुन्हा जागच्या जागी लावी. १९९९ साली टोकियोच्या ‘बाउंटी हंटर’साठी त्याने ‘कम्पॅनियन’ ही डोळ्यांच्या जागी फुल्या असलेली छोटी व्हिनाइलची मूर्ती केली. तिच्या प्रती होत्या पाचशे. पुढे २०१७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या दुकानाने अशीच मूर्ती दोनशे डॉलरांना विक्रीस ठेवली, तेव्हा मागणीच्या रेट्याने त्याची विक्रीयंत्रणाच कोलमडली.

अशा मूर्तीची घडण समजून घेतली, म्हणजे तिच्या मोलाचा उलगडा होतो. प्रथम कलावंत माती किंवा मेण ह्यांचा मूळ आकार घडवितो. त्यावरून रबराचा साचा काढतात, त्यात राळेसारखे द्रव्य ओततात, ते घट्ट झाले की सांध्यांच्या रेषा घासून काढतात आणि अस्तराचा हात देऊन रंगकाम सुरू होते. साच्याने सर्व प्रती सारख्या होतात. रंगविणारा हात त्यांना पुन्हा निराळ्या करतो. एकीच्या भुवईला किंचित बाक येतो, दुसरीच्या गालावर रंगाचा ओघळ राहतो. तळाशी ‘१२/१००’ असा अंक असतो. त्याचा अर्थ, शंभरांतील बारावी. ही मर्यादा नवी नव्हे. फ्रान्समध्ये कांस्यशिल्पाच्या बाराच प्रती मूळ मानण्याचा संकेत आहे. मात्र कांस्याला काळ सहजी शिवत नाही. राळ उन्हाने पिवळी पडते आणि व्हिनाइल उष्णतेने मऊ होऊन वाकते. म्हणून सावली आणि गारवा ही ह्या संग्रहाची पहिली गरज होय.

परंतु रंगविणारा हात कोणाचा? येथे प्रश्न नाजूक होतो. हॅरिंगने एका भिंतीवर ‘एल. ए. टू’ ही सही पाहिली आणि ती करणाऱ्या अँजेल ऑर्टिझ ह्या कोवळ्या मुलाला शोधून काढले. दोघांनी मिळून मातीची भांडी रंगविली, १९८२ साली स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची प्रतिकृतीही रंगविली. पुढे मात्र त्या कामांबरोबर बहुधा एकट्या हॅरिंगचेच नाव घेतले जाई. ऑर्टिझचा वाटा फार उशिरा मान्य झाला. बेथलेहेममध्ये, विभाजक भिंतीसमोर, बँक्सी ह्या अज्ञातनामा कलावंताने २०१७ साली एक हॉटेल उघडले. तेथे त्या भिंतीच्या छोट्या प्रतिकृती विकल्या जात, आणि त्या रंगवीत स्थानिक कारागीर. संग्राहक नाव विकत घेतो. हात मात्र पुष्कळदा निनावीच राहतो.

नावाचा हा महिमा बँक्सीनेच एकदा उघडा पाडला. १३ ऑक्टोबर १९१३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या त्याच दिवशी, म्हणजे २०१३ साली, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ एका वृद्धाने पदपथावर ठेला मांडला. सही केलेली अस्सल चित्रे, किंमत साठ डॉलर. दिवसभरात जेमतेम चारशे वीस डॉलर जमले. एका बाईने तर घासाघीस करून दोन चित्रे निम्म्या किमतीत नेली. चित्रे तीच होती, सहीही तीच. फक्त ती खरी आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. आज त्याच्या कृतींची ग्वाही ‘पेस्ट कंट्रोल’ ही त्याचीच संस्था देते. तिच्या प्रमाणपत्राला फाडलेल्या खोट्या नोटेचा अर्धा तुकडा जोडलेला असतो. रस्त्यावरून उचकटून आणलेल्या चित्रांना मात्र ती प्रमाणपत्र देत नाही.

ह्यातून संग्राहकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. आकडा पाहावा, कागद पाहावा, पण त्याआधी मूर्ती पाहावी. साठ डॉलरांच्या ठेल्यापाशी जो थांबला, त्याला प्रमाणपत्राची गरज नव्हती. त्याचे डोळे उघडे होते. आणि ज्याच्या कपाटात अशी मूर्ती आहे, त्याने अधूनमधून ते उघडून शेजारच्या मुलांना बोलवावे. जी कला भिंतीवर सर्वांची होती, तिचे एवढे ऋण तरी त्याने फेडावयास हवे.