डिस्कच्या नंबरावर भिस्त नको



दोह्यातल्या मदिनत खलीफामध्ये घराघराच्या फाटकापाशी निळी पाटी असते. तिच्यावर झोन, रस्ता आणि इमारत यांचे आकडे. उत्तर मदिनत खलीफाचा झोन 32, दक्षिणेचा 34. भाडेकरू येतात-जातात, पाटी तीच राहते. 2020 साली राष्ट्रीय पत्त्याची नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा इथल्या मराठी कुटुंबांनीही हेच आकडे भरून दिले. नंबर म्हणजे पक्का पत्ता, हे मनात बसतं ते असं. संगणकातल्या डिस्कला मात्र ते लागू नाही.

विंडोज डिस्क मोजायला शून्यापासून सुरुवात करते. पहिली ‘डिस्क 0’, दुसरी ‘डिस्क 1’. हा नंबर डिस्कवर कोरलेला नसतो. संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने तो मिळतो. मदरबोर्डवरची केबल दुसऱ्या पोर्टला लावली किंवा बायोसमधली एखादी सेटिंग बदलली, की काल 1 असलेली डिस्क आज 0 होऊ शकते. लिनक्समधल्या ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांचंही तेच. म्हणून तिथले जाणकार फाइलसिस्टिमचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक वापरतात. पोर्ट बदलला तरी तो बदलत नाही.

सी, डी ही अक्षरं आणखी वेगळी. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. अक्षर पार्टिशनला मिळतं, अख्ख्या डिस्कला नाही. त्यामुळे सी ड्राइव्ह ‘डिस्क 1’वर असणं यात बिघाड काहीच नाही. ते पाहून घाबरून केबलची अदलाबदल करू नका.

खरा धोका डिस्क पुसताना आहे. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या प्रोग्राममध्ये ‘सिलेक्ट डिस्क 1’ आणि मग ‘क्लीन’ एवढं टाइप केलं की काम संपलं, ‘नक्की का?’ असं तो विचारतही नाही. एक टीबीच्या दोन डिस्क असतील तर दोन्ही 931 जीबीच दिसतात, आकारावरून ओळखता येत नाहीत. आजीचा आवाज, मुलांचे पहिले गणपती, गावच्या घराचे फोटो यांतल्या एकीवर असतात. परदेशात राहणाऱ्या घरात त्यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसतेच.

पॉवरशेलमध्ये ‘गेट-डिस्क’ लिहा. नंबराशेजारी मॉडेल आणि सिरियल नंबर दिसेल. तोच सिरियल नंबर सहसा डिस्कवरच्या लेबलवर छापलेला असतो. दोन्ही जुळले तरच पुढे जा. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुनीची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फायली जुनीवरच जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की संगणक सुरूच होत नाही.

पुढच्या वेळी कॅबिनेट उघडाल तेव्हा प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आणि तिच्यावर काय आहे ते वहीत लिहून ठेवा, आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढल्याशिवाय काहीही पुसू नका.