पर्यायशब्दांची निवड



लिहिता लिहिता नेमका शब्द आठवेनासा झाला, की पूर्वीचा लेखक लेखणी खाली ठेवून छताकडे पाहत बसे. आजचा लेखक संगणकावर एक शब्द टंकतो आणि त्याचे दहा प्रतिशब्द क्षणार्धात त्याच्यापुढे हजर होतात. या सोयीला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. अमरसिंहाने संस्कृत पर्यायशब्द छंदोबद्ध केले ते मुखोद्गत करता यावेत म्हणून. इंग्लंडात पीटर मार्क रोजे या वैद्याने १८५२ साली जो कोश प्रसिद्ध केला त्यात शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या अनुरोधाने लावले. आणि मुंबईच्या आयआयटीत सिद्ध झालेले मराठी वर्डनेट, ज्यात समानार्थी शब्दांचे गट बांधलेले आहेत, ते मला याच कुळातले वाटते.

अडचण उद्भवते ती शब्द मिळाल्यानंतर. 'तक्रार' हा साधा शब्द घ्या. गाऱ्हाणे, कुरबूर, फिर्याद, कैफियत ही मंडळी त्याच्या पर्यायांच्या रांगेत सहज बसतील, परंतु रांगेतून बाहेर पडताच प्रत्येकाची वाट निराळी होते: कुरबूर घरातल्या घरात चालते, गाऱ्हाणे कोकणात ग्रामदेवतेपुढे घातले जाते, फिर्याद दाखल होते (जुने कारकून ती 'गुदरीत'), आणि कैफियत तर दिवाणी दाव्यात प्रतिवादीने द्यायची असते. तेव्हा मजकुराला भारदस्तपणा यावा एवढ्याच हेतूने एखाद्या अर्जनविसाने 'फिर्याद' खोडून तेथे 'कैफियत' लिहिली, तर बिचारा पक्षकार वादीचा प्रतिवादी होऊन बसेल! मराठीत नामाची खरी ओळख त्याच्या क्रियापदावरून पटते, आणि नुसत्या प्रतिशब्दांच्या यादीत नेमके तेच नसते.

बरे, शब्दाचे स्थान केवळ अधिकाराने ठरते असेही नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द योजले गेले. तरीही हुकूम, वसूल, अर्ज हे शब्द आपल्या कचेऱ्यांत आजतागायत ठाण मांडून आहेत.

म्हणून यंत्राने दिलेला शब्द उचलण्यापूर्वी तो कोणत्या वाक्यात नांदतो हे पाहावे. वर्डनेटमध्ये अर्थाबरोबर उदाहरणाचे वाक्य असते, ते वगळून पुढे जाऊ नये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात जुन्या ग्रंथांतील अवतरणे आहेत. तो कोश आणि मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य चाळता येतात, त्यामुळे घरी जाडजूड खंड नाहीत ही सबब आता उरलेली नाही. आणि जो शब्द आपण कधी बोललो नाही, कोणाच्या तोंडून ऐकलाही नाही, तो सापडला त्याच दिवशी आपल्या लेखात घालू नये, एवढी तरुण लेखकांना माझी विनंती आहे.