छपराखालचं क्रिकेट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. तिथे क्रिकेटचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, मैदानं ओली असतात. म्हणून हिवाळ्यात लहान मुलांचं क्रिकेट शाळांच्या बंद हॉलमध्ये चालतं. दर शनिवारी सकाळी तासभर मी तिथे मदतीला जातो. त्याविषयी बोलतो, कारण त्यात आपल्या शाळेसाठी एक सूचना आहे.

मुलं ५ ते ८ वर्षांची. बॅट आणि स्टंप प्लास्टिकचे, चेंडू मऊ. पॅड नको, हेल्मेट नको, काचाही फुटत नाहीत. आधी पळापळी, मग झेल, मग टेकूवर ठेवलेला चेंडू टोलवणं. शेवटी सामना, आणि त्याचा नियम मला फार आवडतो. मुलं जोडीजोडीने खेळतात. प्रत्येक जोडीला ठरलेली षटकं मिळतातच. बाद झालं तर ५ धावा वजा होतात, पण बॅट हातातच राहते. गोलंदाजीही प्रत्येकाला मिळते.

आपल्या वेळी नियम एकच होता : ज्याची बॅट, त्याची बॅटिंग. बाकीचे संध्याकाळभर गटारातून चेंडू काढायचे. धाकटे ‘कच्चा लिंबू’. मुली कठड्यावर बसून बघायच्या. त्यांच्यातलं कोण किती छान खेळलं असतं, हे कुणालाच कळलं नाही.

इंग्लंडचा हिवाळा, तसा आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो आणि आपला हॉल शनिवारी दुपारी कुलूपबंद. पहिली ते तिसरीच्या मुलामुलींसाठी तो तासभर उघडावा, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. दोन मोठी माणसं कायम हजर हवीत. तिथे मुलांबरोबर काम करणाऱ्याची पूर्वीची गुन्हेनोंद तपासतात, माझीही तपासली. इथेही केवळ ओळखीवर कुणाला आत घेऊ नये.

साहित्याचा पहिला खर्च मी देतो. पण दर शनिवारी उभं राहायला गावातलीच माणसं लागतील. आज इथे बसलेल्यांपैकी चौघांनी नावं दिली, तरी आळीपाळीने जमेल. आणि कृपा करून निवड चाचणी घेऊ नका. येईल त्याला बॅट द्या.