वाफेच्या गाडीची सहल



पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे जळगाव जिल्ह्याचे एक आगळे वैभव होती. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर येथील शेतकरी, विद्यार्थी व बाजारकरू यांची तिने कित्येक वर्षे ने-आण केली. प्रारंभी वाफेचे व पुढे डिझेलचे इंजिन तिला ओढीत असे. २०२० मध्ये ही गाडी थांबली आणि ब्रॉडगेजची योजना पुढे आली.

वाफेच्या गाडीची हौस असणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मंडळींना आता दूर निलगिरीस जावे लागते. त्या रेल्वेचा २००५ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. मेट्टुपालयम ते कुन्नूर या चढणीवर वाफेचे इंजिन गाडीस मागून ढकलते. तीव्र चढावर दातेरी रुळाचा आधार असतो. गाडी सकाळी लवकर सुटते; म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम मेट्टुपालयम येथेच करावा. डबे थोडे व लहान असतात. तेव्हा मोठ्या सहलीने आरक्षण बरेच आधी करावे आणि गरज पडल्यास दोन तुकड्या पाडाव्यात. पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो. तो काळ टाळणे इष्ट.

तथापि, सहलीचा आरंभ पाचोऱ्यापासूनच व्हावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रथम तेथे न्यावे, या गाडीतून प्रवास केलेल्या वृद्धांशी त्यांची गाठ घालून द्यावी आणि ऐकलेले लिहून घ्यावयास सांगावे. निलगिरीची गाडी पुढील वर्षीही पाहता येईल. पाचोऱ्याच्या गाडीविषयी सांगणारी माणसे मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत.