अर्ध्या तासाचा वर्ग

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



नव्या कामगारांचे वर्ग कसे घ्यावेत, हा विषय आज माझ्याकडे आला आहे. ऐकताना तो शिक्षणशास्त्राचा वाटतो, म्हणून आपण तो शास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. परंतु साताऱ्याची, कऱ्हाडची किंवा कुपवाडची औद्योगिक वसाहत ज्याने आतून पाहिली आहे त्याला ठाऊक आहे, की कंत्राटी कामगार सकाळी फाटकातून आत येतो आणि पुष्कळदा दुपारच्या आत यंत्रापुढे उभा राहतो. मधल्या वेळात त्याच्या कानावर जे पडते त्यावर त्याची बोटे शाबूत राहणार की नाही, हे ठरते.

माझ्या पहिल्या वर्गाची हकीकत प्रथम सांगतो. प्रेस खात्यातील वीस-पंचवीस पोरे समोर बसवून मी दीड तास सुरक्षिततेवर बोललो. फळ्यावर आकृत्या काढल्या, कायद्याची कलमे सांगितली. शंका आहेत काय म्हणून विचारले, कोणालाच नव्हत्या. आठवड्याच्या आत त्याच खात्यात एका पोराची दोन बोटे गेली. तो माझ्या वर्गात दुसऱ्या ओळीत बसला होता आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवीत होता. तेव्हापासून डोलणाऱ्या मानेवर माझा विश्वास उरलेला नाही.

आपल्या भागाला हाताने शिकण्याची परंपरा नाही असे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारला तेव्हा ओतकामाचे कारागीर त्यांना आयते मिळाले नाहीत. आसपासच्या खेड्यांतील माणसांना कामावरच शिकवावे लागले. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. तो भाषणाने जाण्यासारखा नव्हता, नांगर रानात चालवूनच दाखवावा लागे. हेच नांगर विकत काही काळ हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. मात्र या शिकण्याला सवड होती. वस्तादाशेजारी दोन-तीन वर्षे बसावे, पाहावे, चुकावे आणि शिकावे. खानापूर-आटपाडीकडची पोरे गलाईच्या धंद्यासाठी देशभर जातात, ती आजही बव्हंशी अशीच शिकतात. सोने शुद्ध करण्याची कला त्यांना उत्तम अवगत होते. आम्लाच्या वाफेने फुप्फुसाचे काय होते, हे मात्र कोणी शिकवीत नाही. पाहून शिकण्यात हेच उणे असते. वस्तादाला जे दिसत नाही ते शिष्यालाही दिसत नाही.

आता सवड गेली आहे. घाईत शिकवणे भाग आहे आणि ते अशक्यही नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जहाजगोद्यांत हजारो नवखी माणसे एकाएकी भरती झाली, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन या शिक्षकाने शिकवण्याच्या चार पायऱ्या बांधून दिल्या. शिकणाऱ्याचे मन तयार करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि शेवटी त्याला एकट्याला करू देऊन पारखणे. दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत तिथल्या युद्धसामग्रीच्या कारखान्यांत सर्वत्र पसरली. भांडवलदारांच्या सोयीची म्हणून ती टाकून देऊ नये. मी ती उचलली आणि मला तिचा उपयोग झाला.

उचलली म्हणजे काय केले? वीसांऐवजी पाच माणसे घेतली. खोलीऐवजी यंत्रापाशी उभे राहिलो, वीज बंद करून. एका वेळी एकच काम आणि त्या कामातला एकच धोका, यापलीकडे जायचे नाही. मी करून दाखवायचे आणि तोंडाने सांगायचे. मग त्याने करायचे आणि त्याने सांगायचे. हे दुसरे ‘सांगायचे’ फार महत्त्वाचे आहे. हात नक्कल करू शकतो, पण आपण असे का करतो हे स्वतःच्या शब्दांत सांगताना अज्ञान उघडे पडते. अर्ध्या तासात पाच माणसे निभतात. सहावा आला तर त्याला उद्या बोलवावे.

पण साथींनो, एवढ्यावर थांबलो असतो तर माझ्यात आणि मालकाच्या प्रशिक्षकात फरक काय राहिला असता? एके दिवशी एका पोराने चारही पायऱ्या बिनचूक पार पाडल्या. तयार नग साच्यातून चिमट्याने उचलायचा, हात आत घालायचा नाही, हे त्याने करूनही दाखवले आणि सांगूनही दाखवले. तासाभराने मी परतलो तर त्याचा हात साच्यात. कारण विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, चिमट्यानं उचलला तर नग भरत न्हाईत.”

त्याला ज्ञान होते. त्याच्याकडे वेळ नव्हता. नगांचा आकडा ज्याने ठरवला तो वर्गात हजर नव्हता आणि त्या आकड्याची चर्चा अ‍ॅलनच्या चार पायऱ्यांत बसत नाही. आपल्या वर्गाला म्हणून पाचवी पायरी हवी. शिकवलेले काम खात्यात प्रत्यक्ष तसे होते काय आणि होत नसल्यास का नाही, हा प्रश्न त्या पाच जणांनाच विचारायचा आणि आपण गप्प बसायचे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ साली अँजिकोस गावी सुमारे तीनशे श्रमिकांना ४५ दिवसांत लिहावाचायला शिकवले, ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन आणि त्या शब्दांवर त्यांनाच बोलते करून. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता बळकावली आणि फ्रेअरींना तुरुंग व नंतर परागंदा होणे वाट्याला आले. साध्या साक्षरतेच्या वर्गाची एवढी धास्ती कोणी घेत नसते. आपल्याकडे तो शब्द ‘नग’ आहे.

वेगवान शिक्षणाचा एक धडा तर साताऱ्यानेच देशाला दिला आहे. ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली याच जिल्ह्यात सुरू झाली आणि दोन वर्षांत राज्याच्या इतर भागांत गेली. अवघे गाव चार महिन्यांत साक्षर करायचे आणि मग समारंभाने त्याचा गौरव करायचा, अशी तिची रीत होती. उत्साह खरा होता, काम मोठे होते. परंतु समारंभानंतर हाती पुस्तक न राहिल्याने पुष्कळ नवसाक्षर पुन्हा अक्षरे विसरले. म्हणून आठव्या दिवशी त्याच पाच जणांकडे पुन्हा जावे, दहा मिनिटांसाठी का होईना. हे कंटाळवाणे काम आहे आणि आपले कार्यकर्ते, स्पष्ट बोलायचे तर, उद्घाटनाला जितके उत्साही असतात तितके आठव्या दिवशी नसतात.

शिकवणारा शक्यतो त्याच खात्यातला असावा. केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ १९५८ साली स्थापन झाले, तेव्हा कामगारांतूनच श्रमिक शिक्षक तयार करण्याची त्याची योजना होती आणि ती दृष्टी योग्य होती. आज त्यात भाषेची भर घालावी लागेल. बिहार-ओडिशातून आलेल्या माणसाला मराठीत धोका समजावणे म्हणजे न समजावणेच होय. त्याच्या गावचा जुना कामगार शोधावा आणि त्याला शिक्षक करावे. बाहेरचे म्हणून त्यांना वर्गाबाहेर ठेवणारे आपलेच काही मित्र आहेत. त्यांच्याशी माझा मतभेद आहे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. १९४८ च्या कारखाने कायद्यात अल्पवयीन कामगाराला धोक्याची पूर्ण माहिती दिल्याशिवाय आणि पुरेसे शिक्षण वा देखरेख असल्याशिवाय धोकादायक यंत्रावर लावू नये, असे कलम होते. पण ते ‘पुरेसे’ शिक्षण कोणाच्या वेळेत, हे त्यात नव्हते. पाळी सुटल्यावर थकलेल्या, बस गाठायच्या चिंतेत असलेल्या माणसाला शिकवून पाहा! हा अर्धा तास पाळीतलाच, भरपगारी असला पाहिजे आणि तेवढे नग त्या दिवशीच्या आकड्यातून वजा झाले पाहिजेत. आपल्या मागणीपत्रांत ही मागणी असतेच, परंतु कुठे तरी शेवटच्या पानावर, गणवेश आणि चहाच्या आसपास. आणि वाटाघाटीत प्रथम सुटते ती हीच. दुपारच्या सत्रात नव्या मागणीपत्राचा मसुदा आपल्यापुढे येणार आहे. त्यात ती पगारवाढीच्या लगेच खाली घ्यावी, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा. मात्र तत्पूर्वी जेवणाच्या सुट्टीत कोणत्याही प्रेस खात्यात जाऊन तिथल्या जुन्या कामगारांची बोटे एकदा मोजून यावीत.